रिकामा हात आणि भरलेलें घर

(वाचनासाठीं शास्त्रभाग : १ करिंथ ९ : २४-२७, फिलिप्पै २ : ५-८, मत्तय १२ : ४३-४५)



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं मुंबईस गेलीं आहेत, आणि त्यांपैकीं बरींच अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ह्या उपनगरांत राहतात. सुटींत तीं गांवीं येतात, तेव्हां त्यांचीं मुलें एक नवी विद्या अंगणांत करून दाखवितात. पाय रोवून उभें राहावयाचें, मूठ कमरेशीं आवळावयाची, आणि एका आरोळीसरशी ती सरळ पुढें फेकावयाची. ह्या विद्येस कराटे म्हणतात. उपनगरांत संध्याकाळीं शाळांच्या पटांगणांत व इमारतींच्या आवारांत पांढरा पोशाख घातलेल्या आणि कमरेस पट्टा बांधलेल्या मुलामुलींच्या रांगा दिसणें ही आतां नित्याची गोष्ट झाली आहे.

गांवचे आजोबा हें पाहून विचारांत पडतात. ते म्हणतात, "मारामारीची विद्या ख्रिस्ती मुलानें शिकावी काय? एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे ना?" मुलाचा बाप उत्तर देतो, "शिस्त लागते, पोरगा पहांटे उठतो, उलटून बोलत नाहीं. ह्यांत वाईट तें काय?" दोघांचेंही म्हणणें तोलून पाहण्याजोगें आहे. म्हणून ह्या विषयावर शास्त्राच्या आधारानें आम्ही चार शब्द लिहितों.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नांवाचें बेट आहे. पूर्वीं तेथें निराळें राज्य होतें. १८७९ सालीं तें जपानांत सामील करण्यांत आलें. ह्या बेटावर हत्यारावांचून स्वसंरक्षण करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तेथील शुरी नगरांत १८६८ सालीं जन्मलेले गिचिन फुनाकोशी हे लहानपणीं प्रकृतीनें अशक्त होते. पुढें ते शाळामास्तर झाले. दिवसा शाळेंत शिकवावें आणि रात्रीं आपले गुरु आझातो यांच्या अंगणांत जाऊन सराव करावा, असा त्यांचा क्रम असे. सराव म्हणजे काय? ठराविक हालचालींची एकच मालिका, जिला 'काता' म्हणतात, ती गुरूंचें समाधान होईपर्यंत महिनेच्या महिने पुन्हा पुन्हा करावयाची. एक पुरी झाल्यावांचून दुसरी मिळावयाची नाहीं.

१९२२ सालीं फुनाकोशी यांनीं टोकियोस जाऊन ही विद्या लोकांस दाखविली आणि ते तेथेंच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत खोल्या झाडून व बागेची निगा राखून ते पोट भरीत, आणि उरलेल्या वेळांत शिकवीत. कराटे ह्या नांवाचा जुना अर्थ 'चिनी हात' असा होता. १९३० नंतरच्या दशकांत त्याचें पहिलें अक्षर बदलून अर्थ 'रिकामा हात' असा ठरला. हातांत शस्त्र नाहीं, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. मनांतील स्वार्थ व दुष्ट हेतु काढून टाकलेला मनुष्य, असाही अर्थ फुनाकोशी लावीत. १९४५ सालीं बाँबवर्षावांत त्यांचें शिक्षणमंदिर नष्ट झालें, आणि १९५७ सालीं ते वारले.

ह्याच बेटावर शुभवर्तमानही कष्टानें पोंचलें, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. १८४६ सालीं बर्नार्ड बेटेलहाइम नांवाचे प्रॉटेस्टंट मिशनरी वैद्य तेथें उतरले. सरकारी पहारेकऱ्यांच्या नजरेखालीं ते १८५४ पर्यंत राहिले, तेथील भाषा शिकले, आणि लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांचें त्या भाषेंत भाषांतर त्यांनीं केलें. ऐकणारे थोडे आणि अडविणारे फार, तरी आठ वर्षें त्यांनीं नित्याचें काम सोडलें नाहीं. शिस्त कशी असते हें दाखविण्यास सेवकाचें असें उदाहरण मुठीच्या उदाहरणाहून कमी नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. पौल प्रेषितानें करिंथ शहरांत दीड वर्ष काढलें. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत; धांवणारे, कुस्ती करणारे, ठोसे मारणारे तेथें येत. आपल्याकडे जत्रेच्या फडांत जसे मल्ल येतात तसेंच तें होतें. करिंथकरांस हें सर्व डोळ्यांपुढें होतें, म्हणून पौल त्यांस त्याच भाषेंत सांगतो. मल्ल खाण्यापिण्यांत, झोंपेंत व इच्छांत स्वतःस आवरून धरतो, आणि तें कशासाठीं? तर दोन दिवसांत वाळून जाणाऱ्या पाल्याच्या मुगुटासाठीं. आपला मुगूट तर न वाळणारा आहे. म्हणून मी दिशा नसल्यासारखा धांवत नाहीं, हवेंत ठोसे मारीत नाहीं, तर आपल्या देहालाच वठणीवर आणितों, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. तेथें त्यानें योजलेला ग्रीक शब्द मुष्टियुद्धांतलाच आहे. डोळ्याखालीं ठोसा लगावणें, असा त्याचा मूळ अर्थ.

कोणी म्हणेल, 'काता तर हवेंतलेच ठोसे! समोर कोणीच नसतें.' खरें आहे. परंतु नीट शिकलेल्याचा ठोसा हवेंत असला तरी त्यास लक्ष्य असतें, आणि न शिकलेल्याचा ठोसा माणसाच्या अंगावर पडला तरी तो वायां जातो. आपल्या प्रार्थनेचेंही असेंच आहे. रोज सकाळीं त्याच खोलींत, त्याच वेळीं गुडघे टेकून केलेली प्रार्थना पाहणाऱ्यास हवेंतल्या शब्दांसारखी वाटेल. समोर कोणी दिसत नाहीं. परंतु संकटाच्या दिवशीं जो शब्द आपोआप ओठांवर येतो, तो ह्याच नित्याच्या सरावांतून येतो. ज्यानें सुखाच्या दिवसांत गुडघे टेकले नाहींत, त्यास दुःखाच्या दिवशीं शब्द सांपडत नाहींत.

मुगुटाविषयीं आणखी एक गोष्ट. टोकियो येथें २०२१ सालीं भरलेल्या ऑलिंपिक खेळांत कराटेस प्रथमच स्थान मिळालें, आणि ओकिनावाच्याच रियो कियुना यांनीं काता प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्या बेटास केवढा आनंद झाला असेल! परंतु पुढच्याच, २०२४ सालच्या, पॅरिस येथील खेळांत कराटे नव्हतें. ज्यांनीं लहानपणापासून त्याच मुगुटाकडे डोळे लावले होते, त्यांच्यासाठीं तो मुगूट देणारें कोणी उरलें नाहीं. आपल्या कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक आणिलें, त्याचा आपणांस आजही अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. तरी ह्या जगाचे मुगूट मनुष्यें देतात व मनुष्येंच काढून घेतात, हें आपण विसरूं नये.

म्हणून शरीराची कसरत तुच्छ आहे काय? नाहीं. पौल तीमथ्यास लिहितो कीं शरीराच्या व्यायामानें थोडा लाभ होतो, भक्तीनें सर्व बाबतींत होतो. थोडा म्हणजे मुळींच नाहीं, असें नव्हे. ख्रिस्ती सेवकांनीं हा थोडा लाभ कधीं नाकारला नाहीं. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन मुंबईंत १८७५ पासून आहे, आणि त्याच संस्थेच्या आश्रयानें हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. त्या शाळेंत शिकून गेलेल्या शिक्षकांनीं ह्या देशांतील कितीतरी पटांगणांवर मुलांस शिस्त लाविली. देह हें देवाचें दान आहे. तें आळसानें व दारूनें कुजविणें हा त्या दानाचा अपमान होय.

परंतु शक्ति मिळविणें आणि शक्तीस आवरणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शास्त्यांच्या पुस्तकांत शमशोनाची गोष्ट आपण वाचतों. त्यानें सिंहाचा जबडा फाडला, पण आपले डोळे व आपला राग त्यास आवरले नाहींत. शेवटीं शत्रूंनीं तेच डोळे काढले आणि त्यास गज्जांत जातें ओढावयास लाविलें. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं नगर जिंकणाऱ्यापेक्षां आपल्या मनास आवरणारा श्रेष्ठ आहे. शमशोनानें वेशीचे दरवाजे खांद्यावर वाहून नेले, पण स्वतःच्या मनाची वेस त्याला राखतां आली नाहीं.

आतां उपनगरांतल्या एखाद्या तरुणाची गोष्ट मनांत आणा. संध्याकाळची वेळ आहे, आणि तो घाटकोपर स्थानकांत उभा आहे. २०१४ सालीं वर्सोवा, अंधेरी व घाटकोपर यांस जोडणारी मेट्रो सुरू झाल्यापासून येथें दोन मार्गांची गर्दी एकत्र मिळते. गाडींत चढतांना कोणाचें तरी कोपर त्याच्या छातींत बसतें, वर आईवरून शिवी येते. चार वर्षें शिकलेला त्याचा हात एका क्षणांत त्या माणसाचें नाक फोडूं शकतो, हें त्यास ठाऊक आहे. त्या क्षणीं तो काय करील? कराटेचे चांगले शिक्षक सांगतात कीं ठोसा मारणें सोपें आहे. तो समोरच्याच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबविणें अवघड आहे. वर्षानुवर्षें तेंच शिकवितात. फुनाकोशी यांची शिकवण अशी कीं शिष्यानें आपण होऊन पहिला हात कधींही उगारूं नये. म्हणून त्यांच्या परंपरेंतील मालिकांचा आरंभ वार करण्यानें नव्हे, तर वार अडविण्यानें होतो. तो तरुण जर मूठ सोडून गाडींत उभा राहिला, तर त्याच्या विद्येचें चीज झालें.

तरी त्याहून मोठें उदाहरण आपणांपुढें आहे. गेथशेमाने बागेंत आपल्या प्रभूस धरावयास लोक आले, तेव्हां पेत्रानें तरवार उपसली. प्रभूनें ती म्यानांत घालावयास सांगितली, आणि पित्याकडे मागितलें तर देवदूतांच्या बारा पलटणी आतांच येतील, हेंही सांगितलें. ज्याच्या हातांत कांहींच नाहीं त्याचें गप्प राहणें ही लाचारी असूं शकते. ज्याच्या शब्दासरशी बारा पलटणी येतील त्याचें गप्प राहणें ही प्रीति होय. फिलिप्पैकरांच्या पत्रांत पौल हीच गोष्ट सांगतो : देवाच्या स्वरूपाचा असतांही ख्रिस्तानें स्वतःस रिकामें केलें आणि दासाचें रूप घेतलें. बंधूंनो, खरा रिकामा हात तो हाच. त्या हातांत शस्त्र नव्हतें, सोडवणुकीचा हट्ट नव्हता. त्यांत खिळे ठोकले गेले, तेव्हांही तो मिटला नाहीं.

येथें आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर येतें. दुसरा गाल पुढें करण्याची आज्ञा आपल्या स्वतःच्या अपमानाविषयीं आहे. शेजाऱ्याच्या मुलीवर हात टाकणारा दिसला तर तोंड फिरवून चालूं लागावें, असें प्रभूनें कोठेंही सांगितलें नाहीं. नहेम्याच्या दिवसांत लोकांनीं एका हातानें भिंत बांधली व दुसऱ्या हातांत शस्त्र धरलें, कारण भिंतीच्या आंत त्यांच्या बायका व लेंकरें होतीं. आणि प्रमुख याजकापुढें एका शिपायानें प्रभूस चपराक मारली, तेव्हां प्रभूनें उलट मारलें नाहीं. पण तो मुकाही राहिला नाहीं. कां मारतोस, असें त्यानें विचारलें. म्हणून आपल्या मुली रात्रपाळीहून निर्भयपणें घरीं येण्यासाठीं ही विद्या शिकत असतील, तर त्यांस कोणीं दोष लावूं नये. सूडासाठीं उचललेला हात आणि दुर्बळाच्या आड घातलेला हात हे देवाच्या दृष्टीनें एक नव्हेत.

आतां एक इशारा. कराटे शिकण्याच्या जागेस 'दोजो' म्हणतात. हा शब्द मुळांत बौद्ध साधनेच्या जागेचा आहे. साधनेची परंपरा ह्या उपनगरांस नवी नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत भिक्षूंसाठीं खडकांत कोरलेले ओटे आजही दिसतात. त्या दगडी ओट्यांवर ज्यांनीं आयुष्यें काढलीं त्यांच्या नेमधर्माविषयीं आपण आदरानेंच बोलावें; मऊ अंथरुणावर पडून प्रार्थना चुकविणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास तर लाजच वाटावी. परंतु दगडाचा ओटा अंतःकरण नवें करीत नाहीं, आणि कमरेचा पट्टाही करीत नाहीं. मत्तयाच्या बाराव्या अध्यायांत प्रभु झाडूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या घराविषयीं सांगतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर स्वच्छ झालें, पण तेथें कोणी राहावयास आलें नाहीं. तेव्हां तो आणखी सात आत्मे घेऊन परत आला, आणि त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीपेक्षां वाईट झाली. शिस्त घर झाडते. दारू सुटते, शिवी सुटते, आळस सुटतो. मग त्या रिकाम्या घरांत 'मी दुसऱ्यांपेक्षां चांगला' हा गर्व येऊन बसतो, आणि तो बाकीच्यांस बोलावून आणितो. म्हणून हात रिकामा असावा, पण घर रिकामें नसावें. त्यांत ख्रिस्त राहिला पाहिजे.

लवण्याविषयींही पुष्कळ विचारतात. वर्गाच्या आरंभीं व शेवटीं शिष्य शिक्षकांस आणि एकमेकांस लवतात. आपण वडील मनुष्यास हात जोडतों तसा हा आदर असेल, तर त्यांत मूर्तिपूजा नाहीं. पण कोठें तसबिरीस किंवा मूर्तीस देव म्हणून नमन करावयास सांगितलें, तर मुलानें नम्रपणें बाजूस उभें राहावें. शद्रख, मेशख व अबेद्‌नगो हे तिघेही राजाची चाकरी मन लावून करीत होते, पण एका गोष्टीस ते वांकले नाहींत. आपल्या गांवच्या तालमींतही हाच प्रश्न पडतो. तालमींत मारुति असतो, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या पोरानें लाल मातींत उतरावें कीं नाहीं ह्यावरून घरांत वाद होतो. अशा वेळीं वस्तादांशीं सरळ बोलावें. 'मी मातीचा मान राखीन, तुमचा मान राखीन, पूजा मात्र करणार नाहीं,' असें जो पठ्ठा तोंडावर व गोड शब्दांत सांगतो, त्यास बहुधा मान मिळतो. आणि मान मिळाला नाहीं तरी त्यानें आपली साक्ष दिली असें होतें.

शेवटचा मुद्दा खास आपल्या नव्या बंधूंसाठीं आहे. कराटेंत काळा पट्टा मिळाला म्हणजे सर्व शिकून झालें, असें लोक समजतात. परंतु त्या पहिल्या काळ्या पट्ट्याच्या पायरीचें जपानी नांव 'शोदान' असें आहे, आणि त्याचा अर्थ आरंभाची पायरी असा होतो. म्हणजे इतकीं वर्षें घाम गाळल्यावर गुरु म्हणतात, आतां तूं शिकावयास योग्य झालास! आमच्या मंडळ्यांत ह्याच्या उलट घडतें. बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत मनुष्य वचनें पाठ करितो, धड्यांस येतो, पांच मैल चालून उपासनेस येतो. आणि बाप्तिस्मा झाला कीं, पट्टा मिळाला, असें समजून घरीं बसतो. पुस्तकावर धूळ चढते. बंधूंनो, बाप्तिस्मा हा आपला शोदान आहे. तारण आपल्या घामाचें फळ नव्हे. तें कृपेनें, रिकाम्या हातीं घ्यावयाचें दान आहे. पण दान घेतलेल्या हातानें पुढें रोज काम करावयाचें असतें.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती ही कीं मुंबईहून आलेल्या मुलांस झिडकारूं नका. त्यांस रविवारीं शब्बाथशाळेंत पुढें बोलवा, एक काता करून दाखवावयास सांगा, आणि मग करिंथकरांच्या पत्राचा नववा अध्याय त्यांजकडूनच वाचून घ्या. ज्या मुलानें एकच हालचाल हजार वेळां केली आहे, त्यास पौलाचें म्हणणें चटकन् कळेल. आणि मोठ्यांनीं त्या मुलाकडून एवढें तरी शिकावें : एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा, एक छोटा शास्त्रभाग, रोज, न चुकतां, पाऊस असो कीं कापणी असो. एका महिन्यांत कांहीं दिसणार नाहीं. ज्वारी पेरल्यावर दुसऱ्या दिवशीं शेतांत जाऊन कोणी माती उकरून पाहत नाहीं. गलतीकरांच्या पत्रांत आत्म्याच्या फळांची जी गणना आहे, तींत प्रीति पहिली आणि इंद्रियदमन शेवटीं आहे. प्रीतीनें आरंभ करा. तिच्या मागोमाग चालत राहिलें म्हणजे आत्मसंयमन आपल्या वेळीं पिकेल.

ज्यानें आपला हात आपणांसाठीं रिकामा केला, तो प्रभु येशू ख्रिस्त आपलें घर आपल्या वस्तीनें भरून टाको, आणि आपल्या मुलांच्या हातांस बळ व अंतःकरणांस शांति देवो. आमेन.